पानामागचं पांढरं काय आहे? परसबागेतल्या परदेशी किडींबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये पांढऱ्या रंगाचीच चलती आहे. कुणाच्या माडावर पांढरं, कुणाच्या जास्वंदीवर पांढरं, कुणाच्या पपईवर तर इतकं पांढरं की फळ दिसत नाही, आणि पत्राच्या शेवटी सगळ्यांचा एकच प्रश्न, "काय मारू?" मारायचं नंतर बघू, आधी पान उलटं करा. फोटो पाठवतानाही पानाच्या मागच्या बाजूचा, जवळून आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून पाठवा, कारण निम्म्या लोकांनी गेटमधून अख्ख्या झाडाचा फोटो पाठवलाय आणि त्यात मला फक्त झाड आहे एवढंच कळतंय.

प्रश्न : घरामागे सात-आठ माड, थोड्या पोफळी आणि केळी आहेत. होळीपासून झावळ्यांच्या खालून पांढरं दिसायला लागलंय, कुणीतरी खडूने गोल गोल काढल्यासारखं. खालची केळीची पानं आणि अळू काळंकुट्ट झालंय. माडाखाली गाडी लावली तर काच चिकट होते. पाडेली म्हणतो हा रोग आहे, मुळातून औषध द्या नाहीतर माड गेले म्हणून समजा. एकाने मोनोक्रोटोफॉस सांगितलं. देऊ का? (दापोली तालुका)

उत्तर : नको ताई, अजिबात नको. हा रोग नाही, किडा आहे, आणि यानं मोठा माड मरत नाही, आधी ते डोक्यातून काढून टाका.

तुम्ही जे गोल गोल लिहिलंय त्यावरूनच ओळख पटते. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. मादी झावळीच्या खालच्या बाजूला फिरत फिरत चक्राकार अंडी घालते आणि वर मेणाची पांढरी भुकटी टाकते, म्हणून खडूनं काढल्यासारखं वाटतं. मोठी माशी साधारण अडीच मिलिमीटर, म्हणजे भेंडी-वांग्यावरच्या नेहमीच्या पांढऱ्या माशीच्या जवळपास तिप्पट, पंखांवर फिकट तपकिरी पट्टे, आणि स्वभावानं सुस्त, हात लावला तरी पटकन उडत नाही. ही मूळची मध्य अमेरिकेची, बेलीझमधल्या माडांवरून २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन केलं, २००९ मध्ये फ्लोरिडात घराघरांच्या बागांत तिनं उच्छाद मांडला आणि आपल्याकडे २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या माडांवर पहिल्यांदा सापडली. तिथून केरळ, कर्नाटक, आंध्र, गोवा आणि आपलं कोकण. स्वतः उडून एवढा प्रवास ती करत नाही, रोपांवरून, पानांवरून, गाड्यांवरून येते. गोव्यातूनही अगदी अशीच पत्रं आलीत, त्यांनीही हेच उत्तर धरून चालावं.

आता काळं का पडतंय ते. ही माशी आणि तिची पिल्लं पानातला रस ओढतात आणि त्यातलं जास्तीचं गोड पाणी खाली टाकतात, तोच तुमच्या काचेवरचा चिकटा. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती बुरशी चिकट्यावर जगते, पानाच्या आत शिरत नाही, फक्त पानाला ऊन मिळू देत नाही, त्यामुळे झाड थोडं मंदावतं. केळीच्या पानावर बोट घासून बघा, काळं निघून येईल आणि खाली हिरवं पान असेल.

आणि हा भाग नीट वाचा, कारण औषध नको म्हणते त्याचं कारण इथे आहे. या माशीला मारणारा एक बारीकसा परोपजीवी आपल्याकडे तिच्याही आधीपासून हजर आहे, त्याचं नाव एन्कार्सिया ग्वाडेलूपी. १९९३ मध्ये तिचीच एक चुलतबहीण, पेरूवर दिसते ती जुनी चक्राकार पांढरी माशी, केरळात आली आणि तिच्या मागोमाग हा परोपजीवीही आला, कुणी मुद्दाम आणला नव्हता. २०१६ मध्ये नवी माशी आली तेव्हा हा आयताच तयार होता. टाचणीच्या टोकाएवढाही नसलेला हा कीटक माशीच्या पिल्लात अंडं घालतो आणि आतून ते खाऊन टाकतो. तुम्ही एक खालची झावळी तोडून घ्या, भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, आणि पांढऱ्या भुकटीत चपटी पिल्लं शोधा. पिवळट पांढरी असतील ती जिवंत, काळी पडलेली असतील ती आपल्या माणसाने गाठलेली. काळ्या पिल्लाला गोल भोक दिसलं तर परोपजीवी बाहेर पडून पुढच्या कामाला गेला. माशी स्वतः सुखरूप बाहेर पडली असेल तर तिथे गोल भोक नसतं, टी आकाराची चीर असते. तुम्ही मुळातून विष द्या नाहीतर वरून फवारा, सगळ्यात आधी हाच मरतो, आणि माशी पुन्हा वाढते ती दुप्पट जोमानं, कारण आता तिला अडवणारं कुणी राहिलेलं नसतं.

मोनोक्रोटोफॉसचं म्हणाल तर भाजीवर वापरायला त्याला कितीतरी वर्षांपासून मनाई आहे आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या ३६ टक्के एसएल (पाण्यात विरघळणाऱ्या) औषधावर सरसकटच बंदीचा आदेश काढला. घरातली पोरं ज्या माडाची शहाळी पितात त्याच्या मुळात ते घालायचं? पाडेल्याला सांगा, धन्यवाद, तू फक्त नारळ पाड.

मग करायचं काय, तर बुटक्या माडांवर आणि खालच्या केळीवर पाइपनं पाण्याचा जोरदार फवारा, झावळीच्या खालच्या बाजूने, दर आठवड्याला. फार झालंच असेल तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, हेही पानाच्या मागेच. ज्या पानावर काळी पिल्लं जास्त दिसली ते सोडून द्या, तिथे काहीच मारू नका. उलट अशा काळ्या पिल्लांच्या झावळीचे तुकडे कापून ज्या माडावर काळी दिसत नाहीत त्याच्या झावळीला बांधा, फुकटात परोपजीवी पोचवला जातो. पिवळे चिकट सापळे बुंध्याला गुंडाळता येतात, मोठ्या माश्या चिकटतात, पण त्यानं सगळं संपेल अशी आशा ठेवू नका. अळू-केळीची काजळी काढायची तर लिटरला १० ग्रॅम मैद्याची किंवा तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिंपडा, वाळली की पापुद्र्याबरोबर काळं सुटतं. उंच माडाला यातलं काही जमणार नाही, आणि जमवायची गरजही नाही. झावळ्या मात्र छाटून टाकू नका, लोक घाबरून अर्धा माड बोडका करतात, पण प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे फुलोरा, येते, झावळी गेली की नारळाची पेंड गेली. पाऊस लागला की माशी आपोआप कमी होते, ती उन्हाळ्याची गिऱ्हाईक आहे. अंगणात कर्दळ असेल तर राहू द्या, माशी तिच्यावरही बसते आणि परोपजीवीला वर्षभर ठिकाणा मिळतो.

तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर एक ओळ आहे, की नारळ लहान पडतात आणि सालावर तपकिरी भेगा दिसतात. त्याचा या माशीशी संबंध नाही. तो सूक्ष्म कोळी (माइट), देठाच्या टोपीखाली राहणारा, डोळ्याला न दिसणारा, १९९८ च्या सुमारास केरळात पहिल्यांदा गाजला तो. त्याला शेणखत, आळ्यात ओलावा, पालाश वेळेवर आणि खाली पडलेली बारकी फळं गोळा करून जाळणं, यापासून सुरुवात करा. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात किंवा दापोलीला विद्यापीठात एक असा नारळ घेऊनच जा, तुम्हाला तर जवळ आहे.

प्रश्न : टेरेसवर जास्वंदीच्या कुंड्या आहेत. शेंड्याला आणि कळ्यांना कापसासारखं चिकटलंय, मुंग्यांची रांग लागलेली असते. ऑनलाइन मागवलेलं औषध मारलं, चार दिवस बरं वाटलं, परत तेच. आता तर त्यात मोठे, लांब लांब पांढरे केस असलेले किडे भराभर पळताना दिसतात, ते तर आणखी भयानक आहेत, चिमट्याने पकडून मारतेय. (कोथरूड, पुणे)

उत्तर : थांबा थांबा! चिमटा खाली ठेवा!

कापसासारखं जे आहे तो पिठ्या ढेकूण, त्याबद्दल शंका नाही. पण तुम्ही ज्यांना भयानक म्हणताय, मोठे, केसाळ आणि पळणारे, ती बहुतेक क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी आहे. पिठ्याच्या गर्दीत राहून पिठ्यालाच खाणारी, म्हणून पिठ्यासारखाच पांढरा वेष. पिठ्या एका जागी बसून असतो, हलला तरी रमतगमत, आणि ही अळी त्याच्यापेक्षा मोठी आणि झपाट्यानं चालते. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात मुद्दाम आणलेला. मोठा झाला की काळसर पाठ आणि डोकं केशरी, असा बारीक भुंगेरा दिसतो. लोक पैसे देऊन हे विकत घेतात आणि तुम्ही चिमट्यानं मारताय.

पिठ्या कुठला ते बघायचं तर पाठीकडे बघा. पांढऱ्या पिठातून दोन काळसर डागांच्या ओळी दिसत असतील तर तो फिनॅकोकस सोलेनॉप्सिस, मूळचा अमेरिकेचा, न्यू मेक्सिकोत मुंग्यांच्या वारुळातल्या मुळांवरून १८९८ मध्येच नोंदला गेलेला, आणि आपल्याकडे २००५ नंतर कपाशीवर धुमाकूळ घातलेला. तुमच्या शेंड्याची पानं गोळा होऊन चुरगळली असतील आणि किडा चिरडला की गुलाबी दिसत असेल तर तो दुसरा, गुलाबी पिठ्या, तो आपल्याच भागातला. गंमत म्हणजे तो १९९४ मध्ये कॅरिबियन बेटांवर ग्रेनाडात जाऊन पोचला आणि तिथल्या लोकांची झोप उडवली, म्हणजे आपणही निर्यात करतो.

तुमचं औषध चार दिवसच का चालतं, तर मादीच्या पोटाखाली कापसाची पिशवी असते आणि त्यात शेकड्यांनी अंडी, औषध त्या पिशवीच्या आत जात नाही. वरचे मेले, मित्रकीटक मेले, आणि पाचव्या दिवशी अंड्यातून नवी पिल्लं मोकळ्या रानात. म्हणून पहिलं काम कात्री. जास्त भरलेले शेंडे कापा आणि पिशवीत घट्ट बांधून ओल्या कचऱ्यात द्या, टेरेसच्या कठड्यावरून खाली टाकू नका, खालच्यांची जास्वंद पण आहे. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, मग डाग राहिले असतील तिथे कान साफ करायच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक पुसा, चार कुंड्या असतील तर हे सहज होतं, संध्याकाळी टीव्ही लावून बसा आणि करा. त्यानंतर लिटरभर पाण्यात निंबोळी तेल ५ मिली आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, पाच-सहा दिवसांनी परत, आणि अजून एकदा, कारण अंडी फुटत राहतात. ज्या फांदीवर ती केसाळ अळी आहे तिथे काहीच फवारू नका. तांबूस तपकिरी, फुगलेले, कडक झालेले पिठ्या दिसले तर तेही ठेवा, त्यांच्या आत एनासियस नावाची गांधीलमाशीची एक अगदी बारीक जात वाढत असते.

आणि मुंग्या! मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय सगळं वाया. त्या चिकट्यासाठी पिठ्याला राखतात, मित्रकीटकांना हुसकावतात आणि पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर नेऊन सोडतात. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवा असं सगळीकडे सांगतात पण पुण्यात तो सल्ला मी देणार नाही, डेंगीचे डास त्यातच होतात. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिनचा जाड थर द्या, आणि कुंडी भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकलेली नको, नाहीतर मुंग्यांना पूल आयताच मिळतो. सोसायटीच्या मागे गाजरगवत माजलं असेल तर तेही उपटायला लावा, पिठ्या त्यावर मजेत राहतो. फुलं देवाला आणि मुलांच्या हातात जातात, त्यामुळे झाडात भिनणारी औषधं जास्वंदीला नकोच, मधमाश्याही येतात तिच्यावर.

प्रश्न : अंगणातल्या पपईच्या फळांवर पांढरा थर चढलाय, पानं वाकडी झालीत. शेजारचे म्हणतात झाड तोडून कंपाउंडबाहेर टाका. (नाशिक)

उत्तर : शेजारी म्हणतात ते त्यांच्या सोयीचं आहे, पण बाहेर टाकलेलं झाड वाळायला लागलं की पिठ्याची पिल्लं निघतात आणि पहिला मुक्काम त्यांच्याच चाफ्यावर करतील. हा पपईवरचा पिठ्या, मूळ मेक्सिकोचा, २००८ मध्ये कोइम्बतूरला सापडला आणि दोन-तीन वर्षांत पपई, तुती, टॅपिओका यांची वाट लावली. याच्यावरचा उपाय मात्र खरोखर कौतुकाचा झाला. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेनं पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपई हा परोपजीवी मागवला, वाढवला आणि शेतांतून सोडला आणि काही महिन्यांत पिठ्या बसला. फवारणीनं जे जमलं नव्हतं ते एका मिलिमीटरभराच्या माशीनं करून दाखवलं. ती आता आपल्या हवेत आहेच, म्हणून तुमच्या झाडावर क्लोरपायरिफॉस वगैरे मारून तिला पळवू नका. जास्त भरलेली पानं आणि खराब फळं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि दोन दिवस उन्हात ठेवा मग खड्ड्यात पुरा, बाकीच्याला पाण्याचा फवारा, आणि महिनाभर वाट बघा. शेंडाच पूर्ण जळलेला असेल आणि नवीन पान येतच नसेल तर मग काढा झाड, पपई काय, वर्षभरात दुसरी उभी राहते.

प्रश्न : फार्महाऊसच्या कुंपणाला पांगारा लावलाय. पानांवर आणि देठांवर गाठी गाठी आल्यात, पानं जाड आणि वेडीवाकडी. पांढरं काही नाही. (अलिबाग)

उत्तर : पांढरं नाही म्हणून तुमचं पत्र वेगळं काढून ठेवलं होतं. ही पांगाऱ्याची गाठमाशी, मूळ पूर्व आफ्रिकेकडची, २००४ मध्ये नवीन जात म्हणून नोंदली गेली आणि लगेच पुढच्या एक-दोन वर्षांत केरळपर्यंत पोचली. अळी गाठीच्या आत असते त्यामुळे वरून काहीही फवारा, तिला पत्ता नाही. गाठी फोडून भोकं दिसायच्या आत ती पानं छाटा आणि जाळा किंवा खोल पुरा. पिवळ्या पट्ट्यांचा शोभेचा पांगारा फारच लवकर बळी पडतो, नवीन कुंपण करायचं असेल तर दुसरं काही लावा, गिरिपुष्प लावा, कोकणात ते छान येतं.

प्रश्न : मी ठाण्याचा, सध्या मुलीकडे न्यू जर्सीत एडिसनला आलोय. मागच्या अंगणातल्या झाडांवर राखाडी-गुलाबी पंखांचे, काळे ठिपके असलेले किडे झुंडीने बसतात, उडाले की आत लाल दिसतं. दिसायला सुंदर आहेत. नातवंडं पायाने चिरडतात आणि म्हणतात शाळेत सांगितलंय. मला ते बरं वाटत नाही. चावतात का? दुसरं, इथल्या हायड्रेंजियाची एक फांदी बॅगेतून ठाण्याला आणली तर चालेल का? (ठाणे, मुक्काम एडिसन)

उत्तर : काका, नातवंडांना ते किडे चिरडू द्या, इथे ती बरोबर आहेत.

हा स्पॉटेड लँटर्नफ्लाय, चीनचा. अमेरिकेत २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत पहिल्यांदा सापडला, बहुधा आयात केलेल्या दगडांवर चिकटलेल्या अंड्यांतून आला, आणि २०१८ मध्ये तुमच्या न्यू जर्सीत. चावत नाही, डंख नाही, माणसाला काही करत नाही. पण द्राक्षवेलीचा रस असा ओढतो की वेल मरतो, आणि बाकीच्या झाडांखाली तोच चिकटा आणि तीच काळी बुरशी, जी दापोलीच्या ताईंनी वर लिहिलीय. वरच्या सगळ्या पत्रांत मी मारू नका मारू नका म्हणत आले आणि इथे मारा म्हणतेय, कारण तिथे याला आवर घालणारा खास शत्रूच नाही. पक्षी, प्रार्थनाकीटक थोडेफार खातात पण ते पुरत नाही, आणि चीनमधले परोपजीवी सोडावेत की नाही याच्या चाचण्या शास्त्रज्ञ बंद प्रयोगशाळांत करताहेत.

तुमच्यासारख्या माणसाला करण्यासारखं खरं काम सप्टेंबरनंतर सुरू होतं. तेव्हापासून थंडी पडेपर्यंत मादी अंडी घालते, एका थरात साधारण ३० ते ५०, आणि वरून राखाडी लिंपण, वाळलेल्या चिखलाचा थापा वाटतो. झाडाच्या खोडावर असतो तसाच अंगणातल्या खुर्चीखाली, दगडावर, गाडीच्या चाकामागे, बार्बेक्यूच्या झाकणाला, कुठेही असतो. जुनं बँक कार्ड घ्या, थापा खरवडा, पिशवीत हँड सॅनिटायझर टाकून त्यात बुडवा आणि पिशवी बंद करून टाका. एप्रिलअखेरीपासून अंडी फुटतात, त्याच्या आत जेवढं निघेल तेवढं काढा. जावयाला सांगा की गाडी घेऊन लांब जायच्या आधी एकदा चक्कर मारून बघायची, हा किडा गावोगाव गेला तो अशाच अंड्यांवरून. झाडाला चिकट पट्टी गुंडाळू नका, पक्षी अडकतात, त्याऐवजी तिथे जाळीचे गोल सापळे मिळतात ते लावा. डिशवॉश, व्हिनेगर असले घरगुती प्रयोग झाडांवर नकोत, तिथले कृषी विस्तारवालेही नको म्हणतात. अंगणात ट्री ऑफ हेवन असेल तर त्याच्यावर हे सगळ्यात जास्त जमतात, हे झाड आपल्या महारुखाचा सख्खा नातेवाईक, पानांवरून तुम्हाला लगेच ओळखू येईल.

हायड्रेंजियाचं उत्तर नाही असंच आहे. बॅगेतून फांदी आणायला आयात परवाना लागतो आणि तिथल्या सरकारचं रोग-कीडमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे, आणि एका फांदीसाठी ते कुणी करत नाही. सालीच्या फटीत काय बसलंय हे तुम्हाला, मला आणि कस्टमवाल्यालाही दिसत नाही. ठाण्याच्या नर्सऱ्यांमध्ये पावसाळ्याच्या सुरुवातीला हायड्रेंजियाची रोपं येतात, निळी हवी असतील तर आम्लधर्मी माती लागते, ती कशी करायची ते परत आल्यावर लिहा, सविस्तर सांगेन.